टेलरबाईंच्या दाताचा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना कोपरा आहे. घराचा नव्हे, दाताचा. आणि तोही नंतर बसवलेला. दवाखान्यात मला फिलिंग म्हणतात. माझ्या मालकीणबाई टेलर. वरच्या पुढच्या दाताचा मूळचा कोपरा त्यांनी वीस वर्षे दोरा दातांनी तोडून तोडून संपवला. कात्री टेबलावरच असायची. पण दात अधिक जवळ होते.

कोपरा गेला तसे बाईंनी हसणेच सोडले. गिऱ्हाइके त्यांना शिष्ट समजू लागली. पुढे लेकीला परगावी नोकरी लागली. जाण्याआधी तिने घरातले सगळे फोटो चाळले आणि आईसमोर येऊन बसली.

"आई, एकाही फोटोत तू हसलेली नाहीस. मी तिकडे हे रुसलेलं तोंड बघत दिवस काढू?"

बाईंनी मशीन थांबवले. दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला.

तेव्हा मी एका नळीत मऊ लगदा होऊन पडलो होतो. डॉक्टरीणबाईंनी रंगांच्या नमुन्यांची पट्टी दाताशी धरली आणि दिव्याखाली एक छटा पसंत केली. बाईंनी आरसा मागितला.

"दिव्याखाली रंग जुळवत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर कापडाला दोरा जुळवतेय. खिडकीशी चला."

डॉक्टरीणबाईंची पदवी भिंतीवर क्षणभर अवघडली. मग दोघी खिडकीशी गेल्या. उजेडात ती छटा चुना फासल्यासारखी दिसली. शेजारची किंचित पिवळसर छटा मात्र दाताशी एकजीव झाली. तोच मी. गोरे पुष्कळ असतात, मित्रांनो. माझा पिवळेपणा पारखून घेतलेला आहे.

मला थराथराने बसवले, निळ्या प्रकाशाने घट्ट केले, घासून चकाकी दिली. संध्याकाळी लेकीने फोटो काढला. आई इतकी हसली की डोळे मिटले. त्या फोटोत मी अगदी मध्यभागी आहे आणि कोणालाही दिसत नाही. असा पराक्रम फार थोड्यांना जमतो.

वर्षभराने घाईचे काम आले आणि सवयीने दोरा पुन्हा माझ्यापाशी आला. माझा एक कण उडाला. जिभेसारखी चौकस बाई दुसरी नाही. तिने लगेच बातमी पोचवली. बाई घाबरल्या. डॉक्टरीणबाईंनी मला गुळगुळीत केले आणि टेलरबाईंनी कात्री नाडीला बांधून गळ्यात अडकवली. आता ती दातांपेक्षा जवळ नसली, तरी हाताला आधी लागते.

परवा नऊ वर्षांनी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा दोनदा फिरवला आणि विचारले, "आपण भरलेला कुठला हो?"

बाईंनी ठामपणे बोट ठेवले. शेजारच्या दातावर.

याहून मोठे प्रशस्तिपत्र मला नको. तेव्हा मित्रांनो, दोरा, बाटलीचे झाकण, पेनाचे टोपण यांसाठी जगात इतर अवजारे आहेत. दातांना दातांचेच काम द्या. मूळचा कोपरा पुन्हा उगवत नाही. आणि त्याच्या जागी माझ्याइतका चांगला मिळेलच, अशी हमी मी तरी देणार नाही.