भिंतीपलीकडची झोप

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. असलं नाव कुठलेच आईबाप ठेवत नाहीत. पण लोकांच्या बागा राखण्यात आणि गवत कापायच्या मशीनमागे चालण्यात उभा जन्म गेल्यावर त्याचा आवाज असा काही चढला होता, की त्याने "चहा घेणार का?" असं विचारलं तरी समोरच्याला वाटायचं, भांडण निघालं. आपण अगदी नीट बोलतो, असंच त्याला मात्र वाटायचं. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, ही त्याची तक्रार. बायको तर त्याच्या मते लग्नापासून पुटपुटतच आली होती. एकदा कान दाखवून या, असं तिने सुचवून पाहिलं. ते त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल तर त्याने तसं दाखवलं नाही. ऐकू आलं नाही की हसून मान हलवायची, ही त्याची युक्ती होती. निम्मं जग तेवढ्यावर खूश होतं.

धंद्यात त्याचा एक नियम होता. सुरू करून बघितल्याशिवाय मशीन गाडीत चढवायचं नाही. फार पूर्वी एका बड्या बंगल्यावर मालकाच्या देखत तो मशीनची दोरी ओढत बसला होता आणि मशीन नुसतं खोकत राहिलं होतं. मालकाने हाताची घडी घालून सगळा तमाशा पाहिला आणि दुसरा माळी लावला. तेव्हापासून रोज उजाडता उजाडता भोंगा दारात उभ्या टेम्पोमागे सगळी आयुधं मांडायचा. पाचोळा उडवायचा ब्लोअर, गवताचं मशीन, कुंपण छाटायची करवत. एकेकाला सुरू करून इंजिन तापेपर्यंत चालू ठेवायचा आणि मग गाडीत चढवायचा. त्याचं बघून गल्लीतल्या बाकीच्या बागवाल्यांनीही तोच रिवाज धरला. आपल्या गल्लीत कोंबड्याची गरज नाही, असं तो कौतुकाने सांगायचा.

त्याच्या भिंतीला भिंत लावून धाकट्या बहिणीचं घर होतं. ते त्यानेच हट्टाने मिळवून दिलं होतं. बहीण जवळ असावी, अडीनडीला हाकेच्या अंतरावर असावी, हा हेतू. टेम्पो आणि त्याला जोडलेली ट्रॉली मिळून एवढी लांब होती, की निम्मी ट्रॉली बहिणीच्या खिडकीखाली यायची. बहिणीचीच तर खिडकी, परक्याची थोडीच आहे, असा त्याचा हिशेब.

बहिणीचा नवरा बेकरीत भट्टीवर होता. रात्रभर पाव भाजायचे आणि पहाटे घरी यायचं. माणूस इतका मऊ, की त्याच्या नाकावर बसलेली माशीही निवांत झोप काढून गेली असती. येताना न चुकता एक गरम पाव मेहुण्यासाठी आणायचा आणि मशीनांच्या गोंगाटात त्याच्या हातात ठेवून हसून घरात शिरायचा. मध्यंतरी त्याच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी दिसली, तेव्हा भोंगा ओरडला होता, "काय भाऊजी, पावाऐवजी हातच भट्टीत घातलात की काय?" त्या विनोदावर तो एकटाच हसला. भाऊजीही हसले, पण पाहुण्याने हसावं तसे.

अशात पालिकेने नवा नियम आणायचं ठरवलं. राहत्या गल्ल्यांमध्ये सकाळी नऊच्या आत बागकामाची मशीनं सुरू करायची नाहीत आणि धंद्याच्या गाड्या, ट्रॉल्या घरांसमोर लावायच्या नाहीत. त्या लांब, पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात लावायच्या. बागवाल्यांत एकच कल्लोळ उठला. मैदानात ना राखण ना दिवा, मशीनं चोरीला गेली तर भरून कोण देणार? आणि नऊला मशीन सुरू करायचं तर उन्हात गवत कापायचं का? हा सरळ पोटावर पाय होता. त्यांची चिंता काही खोटी नव्हती. रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीतल्या नाजूक कानांच्या मंडळींचंच हे काम, याबद्दल भोंग्याला तिळमात्र शंका नव्हती. सुनावणीला बोलायचं कोणी, यावर चर्चाच झाली नाही. बोलणाऱ्याची बोरं विकतात, आणि एवढ्या मोठ्याने बोलणारा दुसरा कोण होता?

सुनावणीच्या दिवशी सगळ्या बागवाल्यांनी काम बंद ठेवलं. एकही मशीन सुरू झालं नाही. धुतलेले शर्ट घालून सगळे पालिकेच्या सभागृहात जाऊन बसले.

अध्यक्षबाई समजूतदार होत्या. त्यांनी नियम वाचून दाखवला आणि सांगितलं, की तक्रार बागवाल्यांच्याच गल्लीतून आली आहे. तक्रारदाराने नाव जाहीर करू नये अशी विनंती केली आहे, पण आज इथे येऊन स्वतः बोलण्याची तयारी दाखवली आहे. मग त्यांनी विचारलं, "आधी कोण बोलणार?"

भोंगा उठलाच होता. माइक त्याने बाजूला सारला, त्याला तो लागायचा नाही.

"बाई, आमच्या गल्लीतून तक्रार जाणंच शक्य नाही," तो म्हणाला. "तिथे सगळे हाताने काम करून खाणारे राहतात. तक्रार करायची तर सकाळी गादीत लोळायला वेळ हवा. तेवढा वेळ आमच्यात कोणाकडेच नाही."

सभागृह हसलं. भोंग्याला चेव आला. ज्याला आवाज सोसत नाही त्याने कापसाचा कारखाना काढावा, म्हणाला. दुपारपर्यंत घोरणाऱ्यांसाठी आता सूर्यालाही नऊनंतर उगवायला सांगा, म्हणाला. लोक पोट धरून हसत होते, अध्यक्षबाईही ओठ दाबत होत्या. आणि तेवढ्यात त्याला मागच्या दाराजवळच्या खुर्चीत आपली बहीण दिसली. त्याचा ऊर भरून आला. न सांगता, न बोलावता पाठीशी उभं राहायला आली होती पोरगी.

"ही बघा, माझी सख्खी बहीण बसली आहे," तो हात लांब करून म्हणाला. "भिंतीला भिंत लागून घर आहे हिचं. माझी ट्रॉली हिच्या खिडकीखाली असते. आवाजाचा त्रास व्हायचाच तर सगळ्यात आधी हिला होईल. विचारा हिला. ऊठ गं, सांग बाईंना, होतो का तुला काही त्रास?"

सगळ्या माना मागे वळल्या. बहीण उठली. पर्सचा बंद तिने दोन्ही हातांनी धरला होता. ती काहीतरी बोलली. भोंग्याला ते ऐकू आलं नाही, पण तिने मान नकारार्थी हलवलेली त्याने पाहिली, आणि तेवढं त्याला पुरलं.

अध्यक्षबाईंनी माइकवरून सांगितलं, "त्या म्हणतात, काही त्रास नाही. सवय झाली आहे."

टाळ्या पडल्या. तक्रारदाराने पुढे यावं, असं बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, पण कोणी उठलं नाही. मग बोलायलाच कोणी नसेल तर नियम करायचा कोणासाठी, असं म्हणून समितीने तो प्रस्ताव तिथल्या तिथे गुंडाळला. भोंगा बहिणीला शोधत होता, पण ती टाळ्या चालू असतानाच निघून गेली होती.

बाहेर व्हरांड्यात बागवाल्यांनी चहा मागवला. भोंग्याच्या पाठीवर थापा पडत होत्या. तेवढ्यात सभागृहातला माइक गुंडाळून नेणारी लिपिक मुलगी त्याच्याजवळ थांबली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. भोंग्याने सवयीने मान हलवली. पण ती अजून उत्तराची वाट बघत उभी होती, तेव्हा तो म्हणाला, "जरा मोठ्याने बोला. हल्ली सगळेच पुटपुटतात."

मुलगी गोंधळली. तिने आवाज चढवला. "तुमच्या बहिणीने माघार घ्यायचं ठरवलं होतं तर मला आधी कळवायला हवं होतं, असं म्हणत होते मी. इतके दिवस त्याच फोन करत होत्या. नवऱ्याला झोप मिळत नाही म्हणून रडायच्या. तुमचं आपसात मिटलं असेल तर चांगलंच आहे म्हणा."

हे साऱ्या व्हरांड्याला ऐकू गेलं. पाठीवरचा हात हळूच निघाला. कोणी चहाच्या कपात बघू लागलं, कोणी उगीचच खिसे चाचपू लागलं. त्याच्याकडे कोणीच पाहिना. भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीला आपलं काय चुकलं ते कळेना. ती वायर गोळा करत आत गेली.

घरी येताना आधी त्याला राग आला. राग हा लाजेचा मोठा भाऊ, नेहमी पुढे चालतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं तो स्वतःशी म्हणत होता, आणि रस्त्यावरचे लोक वळून बघत होते, कारण स्वतःशी बोलायचा त्याचा आवाजही लहान नव्हता. घर मिळवून दिलं, अडीअडचणीला धावून गेलो, आणि हिने पालिकेत चुगली करावी? निदान तोंडावर तरी सांगायचं.

बहिणीने दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. रागात असूनही तो गप्प राहिला. तिने त्याचं मनगट धरून त्याला बाहेरच्या खोलीतून आत नेलं. भाऊ असूनही तो आजवर बाहेरच्या खोलीतच बसत आला होता. आतली खोली रिकामी होती. खिडकीला आतून घोंगड्या ठोकल्या होत्या आणि फटींमध्ये जुने कपडे कोंबले होते. पलंग भिंतीला उभा करून ठेवला होता. स्वयंपाकघरात तो मावलाच नसता. स्वयंपाकघराच्या फरशीवर ओट्याखाली गादी टाकली होती आणि तिच्यावर भाऊजी पाय पोटाशी घेऊन झोपले होते. डोक्यावर उशी, उशीवर पट्टीचा हात. डबे आणि सिलिंडर यांच्या मधल्या जागेत त्यांनी स्वतःला बसवलं होतं. बहिणीने नवऱ्याला ओलांडलं, भावाला ओलांडायला लावलं आणि मागचं दार उघडून त्याला पायरीवर आणलं.

"आज सकाळपासून झोपलेत," ती म्हणाली. आता ती त्याला ऐकू येईल अशा बेताने, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून बोलत होती. "गल्लीत आवाज नाही ना आज. एरवी पहाटे मोडलेली झोप तुम्ही गेल्यावरही परत लागत नाही. किती दिवसांनी सलग झोप लागली आहे त्यांना. भट्टीसमोर उभ्या उभ्या डुलकी लागते, दादा. हात तसाच भाजला. तोंड गेलं असतं. मालक म्हणाला, पुन्हा असं झालं तर येऊ नका."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. रोज सकाळी पाव द्यायला तेच यायचे असं नाही, कधी मीही यायचे. तू मशीन लावून उभा असायचास. दादा, जरा उशिरा लाव, हे झोपतात, असं म्हणायचे मी. तू माझ्याकडे बघून हसायचास, मान हलवायचास आणि दुसरं मशीन सुरू करायचास. मला वाटलं, तुला कळलंय आणि तुला ते करायचं नाहीये. मग परत काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ."

भोंग्याला बसावंसं वाटलं. पायरी होती, तिच्यावर तो बसला. ती हसायची, तो हसायचा, आणि पाव गरम असायचा. यातलं एक अक्षर त्याला कधी ऐकू आलं नव्हतं, आणि ऐकू येत नाही हे कबूल करण्यापेक्षा मान हलवणं सोपं होतं.

"आज तरी बोलायचंस," तो म्हणाला. "बोलायलाच आली होतीस ना?"

"आले होते. नाव न घेता सांगणार होते, गल्लीत आवाज होतो एवढंच. पण तू सगळ्यांसमोर मलाच उठवून विचारलंस. भरल्या सभेत भावाला खोटं पाडू?"

गादीत लोळणारे, असं तो म्हणाला होता. घोरणारे, म्हणाला होता. ती तेव्हा दाराजवळ बसून ऐकत होती, आणि ओट्याखाली झोपणाऱ्या माणसासाठी बोलायला आलेली ती एकटीच होती. त्याने तिचा हात धरला आणि तिच्या कानाशी वाकून, अगदी हलक्या आवाजात, निदान त्याला तरी तो हलकाच वाटला, तो म्हणाला, "माझं चुकलं गं. फार चुकलं. उद्याच पालिकेत जाऊन सांगतो, तक्रार खरी आहे म्हणून."

बहिणीचा चेहरा एकदम पडला. तिने त्याच्या तोंडाकडे हात नेला, पण उशीर झाला होता. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, त्याच्या खांद्यावरून आत बघत होती.

मागे स्वयंपाकघराच्या दारात भाऊजी उभे होते. गालावर उशीच्या सुरकुत्या, डोळे लाल, पट्टीचा हात चौकटीवर टेकलेला. त्यांनी घाईघाईने केस सारखे केले.

"या ना दादा, बाहेर का बसलात?" ते म्हणाले, आणि दादांना ऐकू यावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले, "जागाच होतो मी. काही त्रास नाही."

उत्तर द्यायला भोंग्याने तोंड उघडलं. आपला आवाज केवढा निघेल हे आपल्याला ठाऊक नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं, आणि त्याने ते तसंच मिटलं.