गोजराबाईंची विचारधारा

मी ज्यांच्या हाताखाली संशोधन करते त्या प्रमोद सरांनी दीडशे देशांचे राष्ट्रप्रमुख मोजून संपवले. गेल्या शंभर वर्षांत कोण डावा, कोण उजवा, कोण मधला, सगळं संगणकात बसलं. एवढ्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? पण सरांना वाटलं, सरपंच राहिले. म्हणून मी भर उन्हात मुळशीत, चांद्याच्या पुढच्या एका गावात.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते दहा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे पक्का डावा, दहा म्हणजे पक्का उजवा. पक्ष विचारून काम भागलं असतं, पण गावच्या निवडणुकीत पक्ष नसतात, पॅनेल असतात. इथे भैरवनाथ विकास पॅनेल होतं आणि त्याच्या विरोधात भैरवनाथ परिवर्तन पॅनेल. देव दोन्हीकडून उभा!

आज पाळी माजी सरपंच गोजराबाईंची होती.

"पोरी, ह्यात माजं नाव येनार का?" त्यांनी दारातच विचारलं.

"तुमचंच येणार, काकू."

त्या हरखून चहा ठेवायला आत गेल्या आणि त्यांच्या खुर्चीत त्यांचे यजमान वाल्मीकराव येऊन बसले. मागे भिंतीवर त्यांचाच फेटा बांधलेला सत्काराचा फोटो होता. खाली लिहिलेलं : गायरान वाचवणारे.

"इचारा," ते म्हणाले.

"काका, सरपंच काकू होत्या."

"नावाला. सही मीच ठोकायचो. शिक्का बी माज्याच खिशात. मग इचारधारा बी माजीच न्हाई का?"

माझं डोकं तापलं. पण चहा यायचा होता.

"गावाची जमीन कंपनीला विकावी का?"

"धा! इकावीच. पर लिवा, आमचं चराऊ गायरान मी वाचवलं. बिल्डर दारात बसला हुता, ठराव हू दिला न्हाई."

दहा म्हणणारा माणूस गायरान कसं वाचवतो, हे मला कळेना. तेवढ्यात आतून आवाज आला, "शून्य."

"तू चहा बघ," वाल्मीकराव ओरडले.

दहा आणि शून्य, सरासरी पाच. संगणकाच्या लेखी हे घर मध्यममार्गी. मी आकडा टाकणार तोच गोजराबाई बाहेर आल्या. हात पिठानं माखलेले, मुठीत गोल शिक्का.

वाल्मीकराव उडालेच. "ह्यो कुटं घावला?"

"पिठाच्या डब्यात. ठरावाच्या आदल्या दिशी तुमच्या सदऱ्यातनं काढला."

"दोन म्हैनं घर उलथंपालथं केलं मी!" ते माझ्याकडे फिर्याद घेऊन वळले. "नवा करायचा तर हरवल्याची तक्रार द्या म्हनं. पोलिसांना काय सांगू, बायकूचा शिक्का माज्या खिशातनं गेला? शिक्क्याबिगर ठराव अडला, तवर बिल्डर वैतागून शेजारच्या नेरे गावाला पळाला. आनि पिठाच्या डब्यात कोन बघतंय, म्याडम?"

"तेच की," गोजराबाई म्हणाल्या. "उभ्या जन्मात कवा त्या डब्यात हात घातला का तुमी?"

मला हसू फुटलं. त्या मात्र हसत नव्हत्या.

"ह्यांचा सत्कार झाला तवा मी बायकांत बसून टाळ्या वाजवल्या. घरात इस्तू नको म्हनून गप ऱ्हायले. हितं तरी खरं लिव, पोरी."

मी टाकायला घेतलेला आकडा पुसला.

"काका, उठा जरा. काकूंना बसू द्या."

"आन् माजी इचारधारा?"

"ती मोजायची नाहीये. तुम्ही सरपंच नव्हता."

ते काही बोलणार होते, पण आत चहा उतू गेल्याचा वास आला आणि बाई काही हलेनात. शेवटी तेच गेले. गोजराबाईंनी पदराला हात पुसले, खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"हां, आता इचार."

मी पहिला प्रश्न पुन्हा वाचायला घेतला, तोच आतून आवाज आला, "अगं, साकर कुटल्या डब्यात हाय?"

"हुडका," गोजराबाई म्हणाल्या.