उजवीकडून

कुऱ्हाडने आपली बॅग नेमकी भिंगरीच्या शेजारच्या हुकाला अडकवली. कपडे बदलायच्या खोलीत तेवढा एकच हुक रिकामा होता, तेव्हा त्याचाही इलाज नव्हता. पण त्याचा इलाज होता की नव्हता, याच्याशी भिंगरीला काही देणंघेणं नव्हतं. हातातले नडगीचे पॅड भिंगरीने बाकावर ठेवले, उठला, ती बॅग काढली आणि दाराबाहेर, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर नेऊन ठेवली.

बुटांच्या नाड्या बांधणारे सगळे हात थांबले. कुऱ्हाड बाहेर गेला, बॅग घेऊन आला आणि पुन्हा त्याच हुकाला अडकवली.

"क्लबने घेतलंय मला," तो म्हणाला. "तुझ्या घरी पाहुणा म्हणून नाही आलो."

"माझ्या घरी आला असतास तर चालत परत गेला नसतास."

"बास झालं," कप्तान म्हणाला. "मैदानावर चला."

गेल्या मोसमात कुऱ्हाड समोरच्या संघात होता. भिंगरी बॉल घेऊन आत वळला होता, बॉल जरासा पुढे गेला होता, एवढंच. बाहेरच्या बाजूने, उजवीकडून, कुऱ्हाड दोन्ही पाय पुढे टाकून घसरत आला आणि बुटाचे खिळे सरळ उजव्या नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज वरच्या रांगेतल्या लोकांनी ऐकला म्हणे. कुऱ्हाडला लाल कार्ड मिळालं, काही सामने बाहेर बसावं लागलं, आणि मग गडी पुन्हा खेळायला मोकळा. भिंगरीच्या नडगीत सळई गेली. कुबड्या आल्या, बसून बसून जिना चढणं आलं, आंघोळीला बायकोचा खांदा आला. एवढं होऊन कुऱ्हाडने वर्तमानपत्रवाल्यांना तोंड वर करून सांगितलं की मी बॉलवरच गेलो होतो. एक फोन नाही, एक निरोप नाही. भिंगरी पुन्हा उभा राहिला तो औषधांनी कमी आणि या माणसाच्या रागाने जास्त. आणि आता हाच माणूस क्लबने मानाने आणून त्याच्या शेजारी बसवला होता.

तरी भिंगरीने दातओठ खाऊन गप्प बसायचं ठरवलं होतं, कारण पणाला बरंच काही लागलं होतं. मोसम संपत आला होता. कोचने त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की शनिवारच्या सामन्यात तो उतरला तरच पुढच्या मोसमाचा करार होईल, नाहीतर क्लब त्याला हात जोडेल. मोडक्या पायाचा आणि सामना न खेळलेल्या खेळाडूला दुसरा कुठला क्लब दारात उभं करणार होता?

आणि खेळ तर असा होत होता की विचारू नका. दुखापतीतून परतणाऱ्याला सरावात जर्सीवर एक नारिंगी बंडी घालावी लागे. नारिंगी बंडीवाल्याला कोणी टॅकल करायचं नाही, धक्का द्यायचा नाही, असा इथला शिरस्ता. फिजिओबाईंनी ती बंडी अंगावरून काढून घेतली त्या दिवसापासून भिंगरी नुसता सुटला होता. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, कप्तानाच्या पायांमधून बॉल काढला. "मोडायच्या आधी नव्हतो एवढा चांगला झालोय," असं त्याने बायकोला जेवताना सांगितलंही होतं. बायको हसली होती आणि ताटाकडे बघत राहिली होती.

त्या सकाळीही सुरुवात तशीच झाली. डावा बचावपटू मागे पडला, कप्तान मागे पडला, समोर गोल दिसायला लागला. इतक्यात डावीकडून कुऱ्हाड आला आणि बॉल घेऊन गेला. भिंगरीला कुठे लागलं नाही, तो साधा अडखळलाही नाही. बॉल होता आणि मग नव्हता.

थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं. पुन्हा डावीकडून, पुन्हा अलगद.

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मागून जाऊन कुऱ्हाडला दोन्ही हातांनी ढकललं.

"लाज नाही वाटत? एकदा मोडून पोट भरलं नाही तुझं?"

"लागलो का मी तुला?" कुऱ्हाड शांतपणे म्हणाला. "कुठे लागलं ते दाखव."

"तुझ्या बापाला दाखवतो."

"तू पाय काढून घेतोस. मी पोचायच्या आधीच. बॉल तसाच पडलेला असतो, मी नुसता उचलतो."

भिंगरीने मूठ वळली. कप्तान आणि गोलकीपर मध्ये पडले. कोचने शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना बाजूच्या बाकांपाशी बोलावलं. हा कोच जुन्या वळणाचा होता. जे विचारायचं ते चारचौघांत विचारायचं आणि जे ऐकायचं तेही चारचौघांत, अशी त्याची पद्धत.

"शनिवारी भिंगरीला उतरवू का?" त्याने विचारलं. "बाई, तुम्ही सांगा."

"हाड पक्कं जुळलंय," फिजिओबाई म्हणाल्या. "माझ्याकडून हरकत नाही."

"कप्तान?"

"तयार आहे, सर."

गोलकीपर हो म्हणाला, डावा बचावपटूही हो म्हणाला. मग कोच कुऱ्हाडकडे वळला. भिंगरीला वाटलं, आता तरी हा माणसासारखा वागेल. सगळ्यांसमोर मान खाली घालून एक 'हो' म्हणायला याचं काय जातंय? जन्मभराचं ओझं एका शब्दात हलकं होईल.

"नाही," कुऱ्हाड म्हणाला.

"का?" कोचने विचारलं.

"पाय अर्धवट घालतो तो. सामन्यात अर्धवट घातलेलाच पाय मोडतो. शनिवारी उतरवलंत तर परत झोळीत घालून आणाल."

भिंगरी त्याच्या अंगावर धावून गेला. चौघांनी मिळून त्याला धरलं, आणि धरलेल्या अवस्थेत तो नको नको ते बोलला. कुऱ्हाडच्या आईचाही उद्धार झाला. कुऱ्हाड सगळं ऐकून घेत उभा होता. त्याच्या त्या शांतपणाने भिंगरीच्या नाकाला आणखी मिरच्या झोंबल्या.

"उद्या सकाळचा सराव बघतो," कोच म्हणाला. "मग ठरवतो."

सगळे पांगल्यावर भिंगरीने कप्तानाला गाठलं.

"दादा, खोटं बोलतोय ना तो?"

कप्तान खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. एक नाडी सोडायला त्याने फारच वेळ घेतला.

"दादा, तुम्ही मला अडवता ना? खरं अडवता?"

"घरी बायको आहे तुझ्या, एवढीशी पोर आहे. तुझा पाय परत आपल्या हातून जावा अशी हौस कोणाला आहे, सांग."

"म्हणजे इतके दिवस मी चकवलं कोणाला?"

कप्तानाने दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली. नारिंगी बंडी भिंगरीच्या अंगावरून गेली होती, बाकी सगळ्यांच्या डोळ्यांवर तशीच होती. सगळ्यांनी मिळून, अगदी जीव लावून, त्याला फसवलं होतं. आणि खरं बोलला तो एकटा कुऱ्हाड, हे तर त्याला मरणापेक्षा वाईट वाटलं.

घरी बायकोने दार उघडलं. त्याचा चेहरा बघून ती बाजूला झाली. तो खुर्चीत बसला. समोरचं बुटकं टेबल खोलीतून कधीच गेलं होतं, कुबड्यांचे दिवस संपले तरी ते परत आलं नव्हतं, हे त्याच्या आज लक्षात आलं. आतून ठकी पळत आली. पोरगी अशी सुसाट आली की आता मांडीवर आदळणार, पण खुर्चीजवळ येताच ती थबकली, खुर्चीला मागून वळसा घातला आणि डाव्या बाजूने वर चढली.

"इकडून का नाही चढलीस?" भिंगरीने उजवी मांडी थोपटून विचारलं.

"तिकडे बाऊ आहे."

"कोण म्हणालं?"

ठकीने आईकडे बोट केलं.

"मीच शिकवलंय," बायको म्हणाली. "मग काय करू? रात्री झोपेत माझा पाय लागला तरी दचकून उठतोस."

"बाऊ बरा झाला. ये इकडून."

ठकी उतरली, पुन्हा वळसा घालून उजवीकडे आली आणि भीतभीत हात पुढे केला. तिचा हात टेकायच्या आत भिंगरीचा गुडघा बाजूला झाला. त्याने नव्हता केला. तो आपला आपणच झाला, आणि भिंगरी त्याच्याकडे बघत राहिला. ठकीने हात पाठीमागे लपवला.

"बघ, बाऊ आहे," ती म्हणाली.

 भिंगरीने पोरीला उचलून डाव्या मांडीवर घेतलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून बसून राहिला. खरंच भीती होती. ती एवढी मोठी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. घरातले डावीकडून येत होते, संघातले येतच नव्हते. मग त्याला सकाळचे दोन टॅकल आठवले. पहिला डावीकडून. दुसरा? दुसऱ्या वेळी कुऱ्हाड त्याच्या उजव्या हातालाच उभा होता. तिथून सरळ यायचं सोडून तो पाठीमागून फिरून डावीकडे गेला होता. ठकीसारखाच, वळसा घालून.

"अरे लबाडा," भिंगरी मोठ्याने म्हणाला. बायकोला वाटलं, पोरीला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचला. तरी कुऱ्हाड त्याच्याही आधी आलेला होता. एकटाच रेषेच्या कडेने धावत होता. भिंगरी बॉल घेऊन त्याच्या वाटेत उभा राहिला.

"टॅकल कर."

"सरावात करीन."

"आत्ता कर. उजवीकडून."

कुऱ्हाड धापा टाकत उभा राहिला. त्याने कमरेवर हात ठेवले, मग काढले.

"मी डावीकडूनच जातो. सवय आहे."

"कधीपासून?"

कुऱ्हाड बुटाच्या टोकाने गवत उकरायला लागला.

"काल मोठा हरिश्चंद्र झालास चारचौघांत," भिंगरी म्हणाला. "मी पाय काढून घेतो, सगळ्यांना कळलं. आता तू ये. त्या दिवशी आलास तिथून."

"डोकं फिरलंय तुझं."

"फिरलंय. ये."

फाटकापाशी कोच आणि फिजिओबाई येऊन उभे होते. बाई पुढे व्हायला लागल्या, तेव्हा कोचने हात आडवा धरून त्यांना थांबवलं.

कुऱ्हाड मागे गेला. भिंगरीने बॉल उजव्या पायाशी घेतला आणि मुद्दाम जरासा पुढे सोडला, त्या दिवशी गेला होता तेवढाच. कुऱ्हाड धावत आला, बाहेरच्या बाजूने, आणि घसरला. गवताचा तो खरखर आवाज भिंगरीच्या कानात शिरला. पाय निघायला बघत होता. त्याने सगळा भार उजव्या पायावर टाकला आणि दात आवळून तो तिथेच रोवला.

काही झालं नाही. बॉल जागच्या जागी होता. हातभर अंतरावर कुऱ्हाडने दोन्ही पाय पोटाशी घेतले होते, आणि तो गोळा होऊन बाजूने गवतावर लोळत गेला होता.

"तू पाय काढून घेतलास," भिंगरी म्हणाला.

कुऱ्हाड उठून बसला. त्याच्या गालाला माती लागली होती. त्याने ती पुसली नाही.

"मला तो आवाज येतो," तो म्हणाला. "उजवीकडे कोणीही असो, येतो."

भिंगरीला वाटलं होतं, हा असा खाली बसलेला दिसला की आपल्याला गार वाटेल. तसं काही वाटलं नाही. राग होता तिथेच होता, पण उभं राहायला त्या रागाची आता मदत होत नव्हती.

"मलाही येतो," तो म्हणाला. "ऊठ."

"ऐक, त्या दिवशी मी—"

"ते नको मला. तुझं ते काही नको. मला टॅकल पाहिजे. ऊठ, परत ये."

त्याने हात पुढे केला नाही. कुऱ्हाड हात टेकून आपला आपण उठला, रेषेपर्यंत चालत गेला आणि वळला. फाटकापाशी एकेक करून बाकीचे जमले होते. कोणी आत येत नव्हतं.

भिंगरीने बॉल पुन्हा उजव्या पायाशी घेतला.  त्याने पाय तिथून हलवला नाही.