उभ्यानं की बसून

"माणूस आणि जनावर यांत फरक एकच," आक्कांनी जाहीर केलं. "माणूस बसून जेवतो. बाकी सगळं, बोलणं, हसणं, लग्नं करणं, ते नंतरचं."

हे बोलताना आक्का केटररच्या दारात उभ्या होत्या आणि पर्समधलं बिस्कीट खात होत्या. साखरेची गोळी घेतली की लगेच काहीतरी पोटात जावं लागतं, आणि गोळी त्यांनी जिन्यातच घेतली होती. तत्त्वज्ञान आणि मधुमेह यांची वेळ जुळली नाही, एवढंच.

आक्का म्हणजे इन्स्पेक्टरांची थोरली बहीण. इन्स्पेक्टर पोलिसांतले नव्हेत. त्यांनी जन्मभर लिफ्ट तपासल्या. निवृत्त झाल्यावरही कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की ते आधी छताकडे बघत, मग लोकांकडे. त्यांच्या एकुलत्या एक, नोकरीसाठी परगावी राहणाऱ्या लेकीचं, बबीचं, लग्न ठरलं होतं आणि रिसेप्शनला जेवण कसं द्यायचं ते ठरवायला तिघं आले होते. काय द्यायचं यावर चटकन एकमत झालं होतं. कसं द्यायचं यावर फोनवर महिनाभर बोलाचाली चालू होती. होणारे जावई आले नव्हते. "तुम्ही ठरवाल ते," असा निरोप त्यांनी पाठवला होता. लग्नाआधीच त्यांना लग्न कळलं होतं.

"या साहेब, या मावशी," केटरर म्हणाला.

"मावशी नव्हे. मी मुलीची आत्या."

"बरं, आत्या."

"तुमची कशी होईन?"

केटररनं हा प्रश्न हसून सोडून दिला. वरपक्ष आणि वधूपक्ष यांच्यामध्ये उभं राहून ज्याचे केस गेले, त्याला असं हसू जमतं. त्यानं तिघांना एका लांबट खोलीत नेलं. मधोमध चार खुर्च्यांचं एक टेबल, पांढरंशुभ्र कापड, भिंतीवर जोडप्यांचे फोटो. फोटोतली सगळी जोडपी केकच कापत होती.

"प्रकार तीन," केटररनं सुरुवात केली. "पहिला, बुफे. अन्न एका जागी, माणसं हिंडती. दुसरा, माणसं एका जागी, अन्न हिंडतं. वाढलेलं ताट आमची पोरं समोर आणून ठेवणार. तिसरा, टेबलाच्या मधे मोठी भांडी, आणि पाहुण्यांनी एकमेकांना वाढायचं. यात प्रेम वाढतं."

"आणि भात कोण वाढतं?" आक्कांनी विचारलं.

"तोही तेच."

"म्हणजे पैसे आम्ही द्यायचे आणि काम पाहुण्यांनी करायचं. तुम्ही काय करणार?"

"भांडी आमची," केटरर नम्रपणे म्हणाला.

बबीला बसून जेवण हवं होतं. मधल्या मोठ्या टेबलावर ती, नवरा, सासूसासरे, आणि तिच्या शेजारी बाबा. तिची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा कुठल्यातरी खांबाआड प्लेट धरून उभे राहिलेत आणि आपण त्यांना शोधतोय, हे चित्र तिला नको होतं.

इन्स्पेक्टरांना बुफेच हवा होता. त्यासाठी त्यांनी आधीच बरेच मुद्दे मांडले होते. गर्दी हलती राहते. दारं मोकळी राहतात. भार एका ठिकाणी पडत नाही. "बाबा, हॉल तळमजल्यावर आहे," बबी म्हणाली होती. तरी त्यांनी भाराचा मुद्दा सोडला नव्हता.

खरं कारण भाराचं नव्हतं. बायको गेल्यापासून इन्स्पेक्टर एकदाही बसून जेवले नव्हते. सगळे नातेवाईक परतल्यावर पहिल्या दिवशी ते नेहमीसारखे खिडकीजवळच्या टेबलाशी बसले, ताट घेतलं, घास तोंडात घातला. समोरची खुर्ची होती तिथेच होती. रडू आलं असतं तर निदान काहीतरी झालं असतं. रडू आलं नाही, आठवण आली नाही, छातीत काही दाटलं नाही. घास फक्त खाली जाईना. थोड्या वेळानं ते ताट घेऊन ओट्याशी गेले आणि उभे राहिले, तर गेला. का गेला, याच्या खोलात ते शिरले नाहीत. उतरतंय ना, मग झालं. जन्मभर त्यांनी याच हिशेबानं शेरे मारले होते. तेव्हापासून ते ओट्याशीच जेवत. कुणाकडे बोलावलं तर पोट बिघडायचं. त्या वर्षात त्यांचं पोट इतक्यांदा बिघडलं की आक्कांनी त्यांना तीन वेगवेगळी चूर्णं आणून दिली होती.

आणि आता चारशे माणसांसमोर, लेकीच्या शेजारी, घास तोंडात धरून बसायचं होतं.

"बसा ना, चव बघा," केटरर म्हणाला. आक्का बसल्या. बबी बसली. इन्स्पेक्टर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिले.

"अरे बस की. खुर्ची काय वरखाली जाणार आहे?" आक्का म्हणाल्या. मग केटररला, "आमचे इन्स्पेक्टर आहेत ना, त्यांना सगळं तपासल्याशिवाय बसता येत नाही."

'इन्स्पेक्टर' हा शब्द केटररच्या कानात गेला आणि त्याचा चेहरा टेबलावरच्या कापडाइतका पांढरा झाला. कुठल्या खात्याचे, हे विचारण्याची त्याची छाती नव्हती.

"साहेब, आधी बोलला असतात तर," तो हलक्या आवाजात म्हणाला. "किचन बघायचंय का? अगदी आत्ता बघा. सगळं झाकलेलं आहे."

इन्स्पेक्टरांनी चूक दुरुस्त केली नाही. किचनमध्ये ओटा असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

आत लांबलचक स्टीलचा ओटा होता. केटररनं पातेल्यांवरची झाकणं उघडून दाखवली, डोक्यावर टोपी नसलेल्या आचाऱ्याला डोळ्यांनी हाकललं, आणि "साहेब, निवांत" म्हणून स्वतः टोपी शोधायला गेला. इन्स्पेक्टर एकटे उरले. त्यांनी एक चमचा घेतला.

बराच वेळ झाला तरी बाबा येईनात म्हणून बबी उठून आत आली आणि दारातच थांबली.

बाबा ओट्याला कंबर टेकून, तिरपे उभे होते. डाव्या हातात झाकण उलटं धरलं होतं, त्यात भात आणि त्यावर भाजी. कोपरावर फडकं. घास घेताना ते किंचित वाकत, म्हणजे सांडलं तर बेसिनमध्ये सांडेल. खाणं संपलं तसा डावा हात न बघता नळाकडे गेला, झाकण धुतलं, चमचा धुतला, फडक्यानं पुसला, जागच्या जागी ठेवला. एकही हालचाल जास्तीची नव्हती. चव बघणारा माणूस असं खात नाही. असं खाण्याला सराव लागतो.

"बाबा, घरी असंच जेवता?"

इन्स्पेक्टरांनी फडक्याची घडी केली. "भांडं कमी लागतं."

"मी रोज फोन करते तेव्हा 'जेवायला बसलोय' म्हणता."

"आता 'जेवायला उभा आहे' असं कुणी म्हणतं का?"

बबी हसली नाही. तेही हसले नाहीत. नळाला एक थेंब आला, तो त्यांनी तोटी आवळून थांबवला.

"आई गेल्यापासून?"

"बसलं की गिळवत नाही. बाकी काही नाही, तब्येत चांगली आहे."

"मग आत्यानं दिलेली चूर्णं?"

"शेजाऱ्यांना दिली. त्यांना गुण आला."

बबी ओट्यापाशी येऊन त्यांच्याशेजारी टेकून उभी राहिली. "बुफेच ठेवू," ती म्हणाली.

"तुला बसून हवं होतं ना?"

"मला तुम्ही जेवायला हवे होतात, बाबा. बसणं त्यात आपोआप आलं होतं."

यावर बापानं काहीतरी म्हणायला हवं होतं. इन्स्पेक्टरांनी आत शोधून पाहिलं, तिथे काही सापडलं नाही. बंद इमारतीत मधल्या मजल्यावर थांबलेल्या लिफ्टसारखं सगळं स्वस्थ होतं. दिवेही चालू होते. पण लेक बापासाठी आपली हौस गुंडाळून ठेवतेय, एवढं त्यांना बाहेरून दिसलं. आणि न चालवता कुठल्याही लिफ्टवर त्यांनी कधी शेरा मारला नव्हता.

"थांब," ते म्हणाले. "एकदा बसून बघतो."

बाहेर चवीसाठी भांडी आली होती. आक्कांनी सूप संपवलं होतं आणि भाचीचंही अर्धं संपवलं होतं. "कुठे गायब झालात? मला काय इथे फोटो काढायला बसवलंय?"

इन्स्पेक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसले. चौथी खुर्ची बरोबर त्यांच्या समोर होती. ते तिच्याकडे बघतायत हे बबीनं पाहिलं. आक्कांनी काहीच पाहिलं नाही. त्यांनी मांडीवरची पर्स त्या खुर्चीत ठेवली, ती घसरली म्हणून दाबून बसवली, आणि भाताचं भांडं भावापुढे सरकवलं. "घे. आणि मला भाजी दे. बबे, तू काय बघत बसलीस, वाढ त्याला."

भांडी इकडची तिकडे झाली. इन्स्पेक्टरांनी भाजी दिली, भात घेतला, आक्कांचा चमचा पडला तो उचलून दिला. मग घास घेतला. तो घास तोंडात नुसताच राहिला. आक्का स्वतःच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या, आणि कुणालाच इन्स्पेक्टरांच्या गळ्याकडे बघायला फुरसत नव्हती. फक्त बबी बघत होती, तीही भांड्याआडून. बऱ्याच वेळानं घास खाली गेला. आनंद झाला नाही. दुःखही झालं नाही. फक्त गेला. त्यांनी दुसरा घेतला. तोही, जरासा अडून, गेला.

"तिसरा प्रकार," ते म्हणाले. "मधे भांडी."

"मी तेच म्हणत होते!" आक्का म्हणाल्या. त्या तसं काहीच म्हणत नव्हत्या.

बबीनं वडिलांच्या मनगटावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते. नवी टोपी घालून केटरर दारात हात जोडून उभा होता. खात्याचा निकाल ऐकायला त्यानं आचाऱ्यालाही बोलावून घेतलं होतं. आक्कांनीसुद्धा चमचा खाली ठेवला. सगळे इन्स्पेक्टर काय बोलतात याची वाट बघू लागले.

इन्स्पेक्टरांनी टेबलाच्या कडेवर तळवा टेकवून हलकेच दाबलं.

"हे जरा डुगडुगतंय," ते केटररला म्हणाले. "पायाखाली कागदाची घडी घालता का?"