दुसऱ्या पिढीचा कुत्रा

शके १८९३, म्हणजे सन १९७१, कार्तिक महिन्यात, अकोला जिल्ह्यातील वाशीम गावी, माणिकचंद शेठजींच्या बियाण्यांच्या दुकानामागील गोदामात माझा जन्म झाला. मी एक म्हातारा, लंगडा कुत्रा आहे. माझा मुक्काम आता अनसिंगजवळच्या एका तांड्यावर असतो. मित्रांनो, माझे दुःख दैवाने दिलेले नाही. ते योजून घडवले गेले, आणि हाच माझ्या कथेचा मुद्दा आहे.

माझे आजोबा अल्सेशियन. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाने ते शेठजींना दिले होते. आजी तांड्यावरची, भाऊसिंगने पाळलेली शिकारी कुत्री. उंच पायांची, सशाला कोसभर दमवणारी. एकाचा दरारा आणि दुसरीचा वेग एका देहात यावा म्हणून शेठजींनी हा संकर घडवला, आणि तो साधला. त्यातून जन्मलेली दोन भावंडे इतकी देखणी निघाली की माणसे बी घ्यायच्या निमित्ताने त्यांनाच पाहायला येत. तेच माझे आई-वडील.

येथे शेठजी चुकले. आजीला पुन्हा घेऊन येतो, असे भाऊसिंग म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला हसून परत पाठवले. उत्तम नर-मादी घरातच असताना तांड्याकडे हात कशाला पसरायचा? भावाबहिणीचीच जोडी लावली गेली, आणि आम्ही जन्मण्यापूर्वीच आम्हाला मागण्या आल्या.

आम्ही चौघे चार तऱ्हांचे निघालो. एक आजोबांसारखा जड, एक आजीसारखी सडपातळ, पण सावलीलाही भिणारी, एक जन्मांध. माझे धड आजोबांचे, पाय आजीचे, आणि कंबर तो भार न पेलणारी. गुरांच्या डॉक्टरांनी कारण सांगितले. आजोबांच्या वंशातला कमरेचा दोष माझ्या आई-वडिलांत झाकलेला होता. दोघांकडून तोच मिळाल्यामुळे माझ्यात उघडा पडला. शेठजींनी ऐकून घेतले, मानले नाही.

ज्येष्ठात शेठजींचे व्याही पूनमचंद मला न्यायला आले. अंगणात मला पळवले गेले. आठव्या पावलाला मी बसलो.

"यानं माही राखण करायची, का म्या याची?" एवढे विचारून ते चहाला गेले.

शेठजींच्या पत्नी जतनबाई मला रोज दुधात भाकरी कुस्करून देत. दुसऱ्या दिवसापासून ती ताटली आली नाही.

त्याच आठवड्यात भाऊसिंग ज्वारीचे बी घ्यायला आला. दुकान गिऱ्हाइकांनी भरले होते. शेठजी दर सालाप्रमाणे प्रत्येकाला बजावत होते, की संकरित ज्वारीचे कणीस कितीही भरदार आले तरी त्यातले दाणे पुढल्या साली पेरू नयेत. पहिले पीक एकसारखे येते, दुसऱ्यात एक झाड उंच, एक बुटके, एक वांझ. हे प्रवचन मी गल्ल्याखाली पडून पाठ केले होते. बोलता बोलता त्यांनी मला पायाने पुढे सरकवले.

"भाऊसिंग, तुह्या कुत्रीचं रक्तच खोटं निंगालं. घेऊन जाय हे."

त्या कुत्रीच्या वंशाबद्दल तांड्याला अभिमान होता, आणि तो चार गावांच्या माणसांसमोर धुळीला मिळत होता. भाऊसिंग खाली बसला. त्याने माझी कंबर चाचपून पाहिली.

"शेठजी, आता तुमीच सांगून राह्यले होते, याचं बी पुन्हा पेरू नका मनून. मंग घरात काहून पेरलं?"

गिऱ्हाइके हसली. शेठजी म्हणाले, ज्वारी वेगळी, कुत्रं वेगळं.

मित्रांनो, देखणे पिल्लू मागाल तेव्हा त्याचे कान पाहण्याआधी त्याच्या आई-वडिलांची चौकशी करा. आणि ज्याला हौसेने घडवले, तो बिघडला तरी त्याला आपलाच माना. ही विनंती मी सात वर्षे भाऊसिंगच्या खाटेखालून करतो आहे. वाशीमपर्यंत ती पोहोचलेली नाही.

त्या दिवशी भाऊसिंगने बियाण्याची पिशवी तिथेच ठेवली आणि मला उचलून खांद्यावर घेतले.

"वेगळंच आहे, शेठजी," तो म्हणाला. "ज्वारी फसली तं एक साल जाते. हा जलमभर लंगडन."