गोग्रास

सर्वपित्रीच्या दुपारी मी कामावरून घरी आले, तर बरखेडा कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमागच्या गोठ्यात कपिला फुगून उभी होती. डावी कूस ताणलेली, तोंडाला फेस. समोर पत्रावळींचा ढीग, त्यांत खीर-वडे-पुऱ्यांचं खरकटं.

कपिला माझ्या प्रयोगातली गाय. गाईच्या ढेकरातून निघणारा मिथेन हवा तापवतो. तो कमी व्हावा म्हणून वर्षभर मी तिला खास खुराक देत होते. दुसरं काही घालू नका, असं दारोदार हात जोडून सांगितलं होतं.

"कोणी घातलं हे?" मी ओरडले.

"सगळ्यांनीच," शेजारच्या मनोरमाकाकू म्हणाल्या. "आज गोग्रास नको द्यायला? रस्त्यावरच्या गाई प्लास्टिकच्या पन्न्या खातात. पितरांचं पान त्यांच्यापुढे ठेवायचं? तुझीच गाय तेवढी स्वच्छ."

"म्हणून अख्ख्या कॉलनीचे पितर हिच्या एकटीच्या पोटात कोंबलेत?"

काकूंनी तोंड फिरवलं. "आमच्या घासानं काय होतंय? तुझ्या औषधानंच झालं असेल."

गुरांचे डॉक्टर फोन उचलेनात. त्यांच्याकडेही पानं वाढली असतील! मी कपिलाला तेल पाजलं, कूस चोळचोळ चोळली. तिचे पाय लटपटले, ती खाली बसली. पोटातला वायू सुटला नाही तर ती गुदमरून मरणार होती.

वर्षभर जिचे ढेकर कमी करायला धडपडले, तिच्याच गळ्यात पडून मी विनवत होते, "एक ढेकर दे गं, माझे आई. एकच दे."