विहीणबाईंचा डबा

सुषमाने वापीच्या बाजारातून पायाने उघडायचा स्टीलचा कचऱ्याचा डबा आणला, तो खास विहीणबाईंसाठी. मागच्या खेपेला लेकीच्या, निलमच्या सासूने, जमनाबाईंनी, तलासरीच्या या घरात नाक मुरडलं होतं, "काय बाई, केर उघड्यावर!" त्या बाईच्या तोंडून सुनेच्या माहेराबद्दल एक चांगला शब्द निघेल तर शपथ! आणि टोमणे ऐकायचे बिचाऱ्या निलमने.

पण डबा निघाला नाठाळ. पेडल दाबलं की झाकण अर्धंच उघडायचं आणि मिटताना धाडकन आपटायचं. नवरा, नविन, फुकटच्या नेटवर व्हिडिओ बघून डब्यापुढे मांडी घालून बसला. खालची वाकलेली सळई सरळ केली, बिजागरीत तेल सोडलं, झाकणाच्या कडेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. झाकण कसं अलगद मिटायला लागलं. पण सुषमा त्यात कचरा टाकू देईल तर ना!

"अहो, आधी विहीणबाई बघून जाऊ देत!"

विहीणबाई आल्या. सुषमा मागच्या दारी बोंबील धुवायला गेली, तेवढ्यात जमनाबाईंनी मदत म्हणून तव्यावरच्या भाकऱ्या उतरवल्या आणि कोऱ्या डब्यात फडकं घालून रचून ठेवल्या.

सुषमा आत आली ती जागीच थिजली. काही बोलणार तोच जमनाबाई म्हणाल्या, "काय झकास डबा आहे हो! पिठाचा हात झाकणाला लागायला नको. निलम उगीच नाही एवढी गुणी!"

पहिला चांगला शब्द! सुषमाने उघडलेलं तोंड मिटलं. नविनला खोटा खोकला काढावा लागला.

दिवाळीनंतर दोघं लेकीकडे वाणगावला गेली. ओट्याशेजारी तस्साच डबा.

"तुमचं बघून घेतला," जमनाबाई कौतुकाने म्हणाल्या. "नविनभाऊ, झाकण फार आपटतं हो, जरा बघा ना." आणि पेडल दाबून त्यांनी गरम भाकरी सुषमाच्या ताटात वाढली. "दुकानदार मेला मलाच शिकवतो, म्हणे हा कचऱ्याचा आहे! भर दुकानात सुनावलं त्याला. म्हटलं, तलासरीच्या आमच्या सुषमाताई यातच भाकऱ्या ठेवतात!"

निलम ओढणीत तोंड खुपसून हसत होती. सुषमाने मुकाट्याने भाकरी मोडली.